फोनमधल्या ग्राफमागचा माणूस: चार्ल्स बॅबेज

फोनवर एखादं ग्राफिंग कॅल्क्युलेटरचं अ‍ॅप उघडा आणि हे फंक्शन टाइप करा: एक्सचा वर्ग + एक्स + ४१. मग त्याचं टेबल उघडा. एक्सच्या जागी ०, १, २, ३, ४ घातले की किमती येतात ४१, ४३, ४७, ५३, ६१. मला याला अर्धा मिनिटही लागला नाही. गंमत म्हणजे, १८२२ साली आपलं यंत्र काय करू शकतं हे सांगताना चार्ल्स बॅबेजने हेच फंक्शन घेतलं होतं. असं टेबल यंत्राने बनवावं म्हणून त्याने आयुष्य पणाला लावलं.

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ चा, लंडनचा. वडील बँकर, त्यामुळे पैशाची चणचण नव्हती. केंब्रिजमध्ये तो गणित शिकला. त्या काळी साइन किंवा लॉगॅरिदमची किंमत हवी असली की छापील कोष्टकात बघायची. समुद्रात जहाज नेमकं कुठे आहे हेही त्यावरूनच काढायचं. ही कोष्टकं माणसं हाताने आकडेमोड करून बनवायची, आणि त्या माणसांनाच कॉम्प्युटर म्हणायचे! आकडेमोडीत चूक, उतरवताना चूक, छापखान्यात खिळे जुळवताना चूक. १८२१ मध्ये बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल अशीच खगोलशास्त्राची आकडेमोड तपासत होते. चुकांमागून चुका निघाल्या. बॅबेज वैतागला आणि त्याच्या डोक्यात आलं, हे काम वाफेच्या यंत्राने केलं तर?

त्याची युक्ती फार सोपी आहे बघा. वरच्या किमतींमधले फरक काढा: २, ४, ६, ८. आता या फरकांमधले फरक काढा: २, २, २. म्हणजे दुसरा फरक बदलतच नाही! मग पुढची किंमत काढायला गुणाकार कशाला हवा? ८ + २ = १०, आणि ६१ + १० = ७१. एक्सला ५ देऊन अ‍ॅपवर बघा, ७१ च येईल. नुसती बेरीज करायची, आणि बेरीज तर दातेरी चाकंही करू शकतात. साइन, लॉगॅरिदम अशा फंक्शनसाठी थोड्या थोड्या टप्प्यात जवळपास जुळणारी बहुपदी घ्यायची, की तिथेही हीच युक्ती चालते. या यंत्राचं नाव डिफरन्स इंजिन.

१८२३ मध्ये सरकारने पैसे दिले आणि काम सुरू झालं. पण १८२७ हे एकच वर्ष त्याच्यावर कोसळलं. वडील, पत्नी जॉर्जियाना आणि मुलगा, सगळे त्याच वर्षी गेले. तरी तो पुन्हा कामाला लागला. १८३२ मध्ये यंत्राचा एक छोटा भाग तयार झाला आणि तो नीट चालला. पण पुढे कारागीर जोसेफ क्लेमेंटशी बिनसलं आणि १८३३ मध्ये काम थांबलं. १८४२ मध्ये सरकारनेही हात झटकले. तोवर सरकारचे १७,००० पौंडांच्या वर खर्च झाले होते. बॅबेजने १८४७ ते १८४९ मध्ये आणखी सुटसुटीत यंत्राचे आराखडे काढले, पण ते कुणी बांधलं नाही. १८ ऑक्टोबर १८७१ ला तो गेला, तेव्हा त्याचं एकही मोठं यंत्र पूर्ण झालेलं नव्हतं.

मग तो चुकला होता का? नाही. त्याच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा, १९९१ मध्ये, लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच आराखड्यांवरून यंत्राचा गणिती भाग बांधला. तो चालला, आणि ३१ अंकांपर्यंत उत्तरं देऊ लागला.

आपलं अ‍ॅप फरकांवर चालत नाही. ते एक्सच्या पुष्कळ किमतींसाठी उत्तर वेगवेगळं काढतं आणि ते बिंदू जोडून रेषा दाखवतं. पण बॅबेजला भेटलेली एक अडचण आजही तशीच आहे. यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का, असं त्याला दोनदा विचारण्यात आलं होतं. एवढा गोंधळ माणसाच्या डोक्यात होतो तरी कसा, हेच त्याला कळेना.

मला मात्र तो प्रश्न विचारणारे आपलेच वाटतात. मी एकदा साइन ३० टाकलं आणि ०.५ ऐवजी उत्तर आलं उणे ०.९८८. अ‍ॅप बिघडलं म्हणून मी चिडलो. अ‍ॅप बरोबरच होतं, ते रेडियन मोडवर होतं आणि मला अंश हवे होते. बॅबेजला आकडेमोडीतल्या चुका घालवायच्या होत्या, आणि त्या आज जवळजवळ गेल्या आहेत. काय टाइप करायचं हे मात्र अजून आपल्याच हातात आहे. म्हणून ग्राफवर विश्वास ठेवण्याआधी एक्सला ० देऊन तोंडी हिशेब करून बघा. दोन सेकंदांचं काम आहे.