गोडसे भटजींचा प्रवास आणि माझी डायरी
माझी डायरी दरवर्षी जानेवारीतच बंद पडते. परवा लायब्ररीत ‘माझा प्रवास’ हाती लागलं आणि लाज वाटली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला १८५७ मध्ये ग्वाल्हेरकडे निघाले आणि ऐन बंडात सापडले. १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. मिळालेला पैसा लुटला गेला. घरी आणली ती गंगेची कावड. पुढे पंचवीसेक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सगळं आठवून लिहिलं. पुस्तक छापलं १९०७ मध्ये, ते वारल्यावर. मला तर गेल्या वर्षीचा ट्रेकही धड आठवत नाही! मित्रांनो, आज सबमिशन बाजूला. आधी एक पान डायरी.