आबूचा तेजपाल

थर्ड इयरच्या स्टडी टूरमध्ये माउंट अबू होतं म्हणून देलवाडा पाहिलं, नाहीतर आमची गँग कुठली देवळात जायला! आत फोटोला बंदी, त्यामुळे मोबाईल खिशात आणि माना वर. लूणवसहीच्या रंगमंडपात घुमटाच्या मधोमध संगमरवराचं झुंबर लोंबतंय. खालून दगड वाटतच नाही. घुमटही पुस्तकातल्या कमानीसारखा नाही. दगडाची प्रत्येक कडी खालच्या कडीपेक्षा थोडी आत सरकवत वर नेलीय. सूत्रधार म्हणून परंपरा शोभनदेवाचं नाव घेते. मला मात्र बांधून घेणाऱ्याबद्दल उत्सुकता लागली. परत आल्यावर सबमिशन बाजूला ठेवून लायब्ररीत तेच वाचत बसलो.

तेजपाल म्हणजे अश्वराज आणि कुमारदेवी यांचा धाकटा मुलगा. लूणिग, मल्लदेव, वस्तुपाल आणि मग हा. शिवाय सात बहिणी. थोरला लूणिग लवकर गेला. घराणं प्राग्वाट, म्हणजे पोरवाड. पाटणचा सोळंकी राजा भीमदेव दुसरा तेव्हा नावापुरताच उरला होता. खरा कारभार धोळक्याच्या वाघेल्यांच्या, लवणप्रसाद आणि वीरधवल या बापलेकांच्या हाती. १२२०च्या सुमारास वस्तुपाल-तेजपाल त्यांचे मंत्री झाले. दक्षिणेकडून आपल्या देवगिरीच्या सिंघण यादवाच्या स्वाऱ्यांची धास्ती होतीच. वस्तुपालाकडे खंभातचं बंदर होतं, शिवाय तो कवी, म्हणून नाव त्याचंच जास्त झालं. गोध्र्याच्या घूघुलाला पकडून आणण्याचं काम प्रबंधकार तेजपालाच्या नावावर लावतात.

आता देवळाकडे येऊ. आमच्या गाईडनं सांगितलं की मरताना लूणिगाला शेजारच्या विमलवसहीत (ती १०३१ची) एक मूर्ती बसवायची होती, म्हणून भावांनी त्याच्या नावानं अख्खं देऊळ उभारलं. ऐकून आम्ही सगळे गप्प. पण देवळातच १२३०चा शिलालेख आहे, राजपुरोहित सोमेश्वरानं रचलेला. त्यात तेजपालानं नेमिनाथाचं हे देऊळ बायको अनुपमादेवी आणि मुलगा लूणसिंह यांच्या पुण्यासाठी बांधलं असं आहे. दोन्ही नावांत ‘लूण’ असल्यानं गोंधळ झाला असावा.

ही अनुपमा मला फार आवडली. जुन्या प्रबंधांत गोष्ट आहे. काम रेंगाळलं. डोंगरावरची थंडी, त्यात कारागिरांचा वेळ स्वयंपाकात जायचा. तेव्हा हिनं जागेवरच जेवणाची सोय करायला आणि दिवसपाळी-रात्रपाळीला वेगळी माणसं लावायला सांगितलं. गोष्ट खरी असो वा नसो, साइट मॅनेजमेंटचा पेपर ही बाई सहज काढेल!

दुसरी गंमत गूढमंडपाच्या दाराशी. दोन बाजूंना दोन अतिशय नक्षीदार कोनाडे आहेत, नाव देराणी-जेठाणीचे गोखले, म्हणजे आपल्या भाषेत जावाजावांचे. तेजपाल आणि वस्तुपाल यांच्या बायकांनी चुरशीनं ते करवून घेतले म्हणे. कोरीव लेख पाहिले तर दोन्ही कोनाडे तेजपालानंच दुसरी बायको सुहडादेवी हिच्यासाठी केलेले. बिचाऱ्या जावा उगाच बदनाम!

वस्तुपाल १२४०च्या सुमारास शत्रुंजयाच्या वाटेवर वारला. नंतर महामात्यपद तेजपालाकडे आलं, पण तोही थोड्याच वर्षांत गेला.

मला सगळ्यात जास्त पटली ती त्याची मेंटेनन्सची तरतूद. वार्षिक उत्सवाचे आठ दिवस आसपासच्या गावांतल्या श्रावकांना वाटून दिले आणि कुठला दिवस कोणाचा ते दगडावर कोरून ठेवलं. आबूच्या परमार राजा सोमसिंहानं देवळाला एक गाव दिलं. तरी शंभर वर्षांच्या आत अलाउद्दीन खिलजीच्या काळात देवळाची मोडतोड झालीच. १३२१ मध्ये पेथड नावाच्या व्यापाऱ्यानं दुरुस्ती करवून घेतली.

गाभाऱ्यामागे हत्तीशाळा आहे. संगमरवराचे दहा हत्ती, आणि त्यांच्या मागे भिंतीशी सगळं कुटुंब जोडीनं उभं. तिथे तेजपालाच्या शेजारी अनुपमा आहे. मी ते नीट बघत होतो, तेवढ्यात बाहेरून आमच्या बसचा हॉर्न वाजला.