चारी पाय अधांतरी

सोमवारच्या वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर हमखास एखादे छायाचित्र असते. झेलासाठी जमिनीला समांतर झेपावलेला क्षेत्ररक्षक, बोटांपासून चार अंगुळे दूर राहिलेला चेंडू, खाली उडालेली धूळ. चहाचा कप हातात धरून आपण ते पाहतो, घरातल्या मुलांना दाखवतो आणि पान उलटतो. ते कोणी टिपले हे वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. फार तर एवढेच म्हणतो, की हल्ली कॅमेरेच असे निघाले आहेत!

पण धावता जीव काचेवर पकडण्याची विद्या ज्याने उभी केली, त्या माणसाजवळ असला कॅमेरा नव्हता. त्याच्याजवळ होत्या लाकडी पेट्या, ओल्या काचा, दोरे आणि भरपूर चिकाटी. त्याचे नाव एडवर्ड मायब्रिज. त्याच्या हातून एक थोर काम झाले आणि एक खूनही झाला.

लंडनजवळच्या किंग्स्टन या गावी ९ एप्रिल १८३० रोजी त्याचा जन्म झाला. वडील धान्याचे आणि कोळशाचे व्यापारी. मूळ आडनाव मगरिज. तेरा वर्षांचा असताना वडील गेले आणि विशीच्या सुमारास तो अमेरिकेला निघून गेला. १८५५ साली तो सॅन फ्रान्सिस्कोला पोचला आणि तिथे त्याने पुस्तकांचे दुकान मांडले. आडनाव तो सारखे बदलत राहिला, पुढे पहिल्या नावाचे स्पेलिंगही त्याने जुन्या सॅक्सन राजांच्या धाटणीचे करून घेतले. १८६० साली टेक्सासमध्ये तो बसलेली घोड्यांची टपालगाडी उधळली आणि उलटली. डोक्याला जबर मार बसला. उपचारांसाठी तो इंग्लंडला परतला. काही वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत पुन्हा दिसला, तो छायाचित्रकार म्हणून. ओळखणारे म्हणत, की अपघाताने माणूस बदलला; तऱ्हेवाईक झाला, तापट झाला.

योसेमिटी खोऱ्यातल्या कड्यांची आणि धबधब्यांची त्याची छायाचित्रे गाजली. ते काम किती कष्टाचे होते ते आज ध्यानात येणे कठीण. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच पेटीत घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. भिंगावरचे झाकण हाताने काढायचे, काही सेकंद थांबायचे, पुन्हा लावायचे. डोंगर बिचारा जागचा हलत नाही म्हणून हे जमे. वाहत्या पाण्याचा मात्र त्या चित्रांत दुधासारखा पांढरा पट्टा होई.

अशा माणसाला १८७२ साली बोलावणे आले ते लीलंड स्टॅनफर्ड यांचे. हे कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर, रेल्वे कंपनीचे अध्यक्ष आणि शर्यतीच्या घोड्यांचे शौकीन. दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्याचे चारी पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, हा त्या काळी घोडेवाल्यांमधला मोठा वाद होता. स्टॅनफर्ड यांच्या मते सुटत होते. यावर त्यांनी मोठी पैज लावली होती अशी कथा सांगतात, पण तिला पुरावा नाही. ऑक्सिडेंट नावाच्या आपल्या घोड्याचे छायाचित्र घ्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मायब्रिजला प्रथम ते अशक्य वाटले. मग त्याने विचार केला. काच मंद आहे, ती वेगवान होणार नाही. तेव्हा वाढवायचा तो प्रकाश. त्याने पांढऱ्या चादरी गोळा केल्या आणि पार्श्वभूमीला टांगल्या, म्हणजे गडद रंगाचा घोडा त्यांच्यापुढे उठून दिसावा. हाताने झाकण काढण्याऐवजी सरकत्या फळ्यांची उघडझाप बसवली. हाती आली ती सावलीसारखी धूसर आकृती. पण पाय अधांतरी होते एवढे तिच्यावरून कळले.

काम इथून पुढे जायचे, तर घरात वेगळेच वाढून ठेवले होते. १८७१ साली त्याने फ्लोरा नावाच्या, आपल्याहून निम्म्या वयाच्या तरुणीशी लग्न केले होते. तो महिनोन्‌महिने डोंगरात. १८७४ च्या वसंतात मुलगा झाला. ऑक्टोबरमध्ये सुईणीच्या घरी त्याच्या हाती बाळाचे एक छायाचित्र पडले. मागे बायकोच्या अक्षरात बाळाला हॅरी म्हटले होते, आणि हॅरी लार्किन्स हा तिचा स्नेही होता. १७ ऑक्टोबरच्या रात्री मायब्रिज कॅलिस्टोगाजवळच्या खाणीवर गेला, लार्किन्सला दाराशी बोलावले आणि गोळी घातली.

फेब्रुवारी १८७५ मध्ये खटला चालला. वकिलाने डोक्याच्या जुन्या दुखापतीचा आधार घेऊन वेडाचा बचाव मांडला. पंचांनी वेड मानले नाही, पण आरोपीला सोडून दिले; त्याच्या जागी कोणीही तेच केले असते असे त्यांना वाटले. कायद्यात हे बसत नव्हते. सुटल्यावर तो छायाचित्रे घेण्यासाठी मध्य अमेरिकेला गेला. तो तिकडे असतानाच फ्लोरा वारली. पोर वर्ष-सव्वा वर्षाचे. बापाने ते अनाथाश्रमात ठेवले.

आणि मग तो पुन्हा घोड्याकडे वळला. जून १८७८ मध्ये स्टॅनफर्ड यांच्या पालो आल्टो येथील पागेत त्याने जे मांडले, ते नजरेसमोर आणण्यासारखे आहे. धावपट्टीच्या एका बाजूला लांबच लांब पांढरा पडदा, त्यावर आकडे घातलेल्या उभ्या रेघा. उजेड परतावा म्हणून जमीनही चुना टाकून पांढरी केलेली. समोरच्या छपरीत ओळीने बारा कॅमेरे. प्रत्येकापुढे स्प्रिंगवर सुटणाऱ्या फळ्या आणि त्यांना वीजप्रवाहाने सोडणारी कळ; ही करामत जुळवताना रेल्वेतल्या जॉन आयझॅक्स या इंजिनिअरची मदत झाली. धावपट्टीवर आडवे दोरे ताणलेले. घोडा दोरा तोडेल तेव्हा तेवढाच कॅमेरा उघडेल. क्षण माणसाने ओळखायचा नाही, घोड्याने स्वतःच कळवायचा!

पत्रकारांना मुद्दाम बोलावले होते, कारण मागच्या वर्षीच्या चित्रावर हातचलाखीचा आरोप झाला होता. सॅली गार्डनर नावाची घोडी भरधाव गेली. दोन चित्रांत सत्तावीस इंचांचे अंतर आणि सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग. प्रत्येक चित्राला मिळालेला प्रकाश सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. काचा तिथल्या तिथे धुवून दाखवल्या. धावताना घोडीच्या खोगिराचा तंग तुटला होता, तो तुटलेला तंगही काचेवर उमटला होता. शंकेखोरांची तोंडे त्याने बंद झाली.

चारी पाय अधांतरी होतेच. पण चित्रकार शतकानुशतके दाखवत आले तसे पुढे-मागे फाकलेले नव्हते. चौखूर धावणारी घोडी अधांतरी असते ती पाय पोटाखाली गोळा केलेले असताना. माझ्या लहानपणी आमच्या घरातल्या कॅलेंडरवरचा घोडा पाय फाकूनच उडत असे, आणि आम्हाला तो अगदी खरा वाटे. हजारो वर्षे माणूस घोड्यावर बसला आणि घोडा कसा धावतो हे त्याला दिसले नव्हते.

१८७९ साली कॅमेरे चोवीस झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबचे कसरतपटू त्यांच्यापुढे कोलांट्या मारून गेले. फिरत्या काचेच्या चकतीवरून ही चित्रे पडद्यावर हलती दाखवणारे यंत्रही त्याने बनवले. सिनेमाच्या आजोबांत त्याची गणना होते ती त्यामुळे.

पण १८८२ साली स्टॅनफर्ड यांनी घोड्याच्या चालीवर दुसऱ्याच्या नावाने ग्रंथ काढला आणि मायब्रिजचा त्यात जेमतेम उल्लेख केला. तो तेव्हा लंडनमध्ये होता. तिथल्या रॉयल सोसायटीला वाटले, की हा दुसऱ्याचे श्रेय लाटतो आहे. त्याचा निबंध मागे पडला. त्याने दावा लावला, तो हरला. बावन्न वर्षांचा माणूस. दुसरा कोणी असता तर खचला असता.

हा फिलाडेल्फियाला गेला. तिथल्या विद्यापीठाच्या आश्रयाने १८८४ पासून त्याने नव्या कोरड्या काचांवर हजारो चित्रे घेतली. १८८७ साली त्यातून ७८१ मोठे तक्ते प्रसिद्ध झाले. त्यांत कुस्तीगीर आहेत, उड्या मारणारे आहेत, बेसबॉल खेळणारे आहेत आणि क्रिकेटचा फलंदाज व गोलंदाजही आहेत. प्रत्येक ठिकाणी मांडणी तीच: भरपूर ऊन, मागे रेघांचा साधा पडदा, आधी मोजून घेतलेले अंतर आणि खेळाडू कुठून कसा जाणार याची आधीपासून माहिती. आज मैदानाच्या कडेला उन्हात बसणारा छायाचित्रकार दुसरे काय करतो? सूर्य पाठीशी घेतो, मागची गर्दी टाळतो, चेंडू कुठे येणार ते ओळखून आधीच नेम धरतो. घरातल्या जुन्या साध्या कॅमेऱ्याने मुलाची शाळेतली शर्यत टिपू पाहणाऱ्या बापालाही एवढे शिकता येते.

१८९४ मध्ये तो इंग्लंडला आपल्या गावी परतला आणि ८ मे १९०४ रोजी वारला. आपली यंत्रे त्याने गावाच्या संग्रहालयाला दिली. मुलाचे काय झाले? फ्लोरॅडो त्याचे नाव. मोठेपणीच्या त्याच्या छायाचित्रांत मायब्रिजशी साम्य दिसते असे पाहणारे सांगतात. अनाथाश्रमातून बाहेर पडल्यावर त्याने मळ्यांवर आणि बागांत कामे केली. १९४४ साली सॅक्रामेंटोत मोटारीखाली सापडून तो गेला. ज्या गावी बापाने पहिल्यांदा धावता घोडा टिपला, तेच हे गाव.

एका छायाचित्राच्या पाठीवरची अक्षरे वाचून मायब्रिजने एक जीव घेतला आणि एका पोराचा बाप व्हायचे नाकारले. घोड्याच्या बाबतीत मात्र एका चित्रावर विसंबायचे नाही, बारा घ्यायची, आकडे घालून घ्यायची, हे त्याला पक्के ठाऊक होते. ती शिस्त त्याच्या घरापर्यंत पोचली नाही.

इंग्लंडमध्ये वोकिंगला त्याच्या नावाचा दगड आहे. आयुष्यभर ज्याने आडनाव बदलून बदलून शेवटी मायब्रिजवर आणून ठेवले, त्याच्या त्या दगडावर कारागिराने एक अक्षर चुकवले आहे. ते अजून तसेच आहे.