मेक्सिकोच्या रानातला वर्ध्याचा मास्तर

परमुलखात जाऊन राबणं म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला कुणी सांगायला नको. दसरा झाला की आष्टी-पाटोद्यापासून धारूर-वडवणीपर्यंत वाड्या-तांडे ओस पडतात. उचल घेतलेली जोडपी कोयता अन् लेकरं घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या नि कर्नाटकाच्या फडावर जातात. आज ज्या माणसाविषयी लिहायचं आहे तोही परमुलखात राबला, पण गेला होता शिकायला. पांडुरंग सदाशिव खानखोजे त्यांचं नाव. गदर चळवळीतले क्रांतिकारक म्हणून तुम्ही ते कुठंतरी वाचलं असेल. मग शेतीच्या पानावर त्यांचं काय काम, असं वाटेल. पण खानखोजे पदवीनं आणि पेशानं शेतकीवाले होते, हेच आपण विसरलो आहोत.

त्यांचा जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात आणि वर्धा इंग्रजांच्या मध्यप्रांतात. पोरगं शाळेत असताना १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ त्या मुलखावर येऊन गेले. टिळकांच्या विचारानं भारलेल्या पोरांचा तो काळ. इंग्रजाला घालवायचं तर बंदूक चालवता आली पाहिजे, आणि बंदूक इथं कोण शिकवणार? म्हणून १९०६ च्या सुमारास हा तरुण देश सोडून निघाला. आधी जपान, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा.

अमेरिकेत १८६२ साली एक कायदा झाला होता. केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी द्यायच्या, त्या विकून राज्यांनी शेतकी आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायची. कुणब्याच्या पोरानं कॉलेजात जावं म्हणून सरकारनं जमीन विकावी, ही गोष्ट तेव्हाच्या आपल्या माणसाला खोटीच वाटली असती. अशाच कॉलेजांतून खानखोजे शेती शिकले. ऑरेगन राज्यात कॉर्व्हालिसला, नंतर वॉशिंग्टन राज्यात पुलमनला. पुलमनच्या भागात गहू पावसाच्या ओलीवर येतो, कोरडवाहू. १९१३ पर्यंत त्यांचं उच्च शिक्षण तिथं झालं. मध्येच कॅलिफोर्नियातल्या सान राफेलच्या लष्करी शाळेतही ते शिकून आले. म्हणजे शेती अन् बंदूक, दोन्ही अभ्यास बरोबरीनं चालले होते.

हे शिक्षण काही सुखाचं नव्हतं बरं का. घरून मनिऑर्डर येणाऱ्यांतले हे विद्यार्थी नव्हेत. त्या काळी तिकडं गेलेली आपली पोरं सुट्टीत फळं तोडायची, हॉटेलात भांडी घासायची, लाकडाच्या गिरणीत फळ्या उचलायची आणि त्या पैशावर फी भरायची. वर गोऱ्या मजुरांचा रोष. आशियातली माणसं कमी मजुरीत राबून आपलं काम पळवतात, असा गवगवा सगळीकडं चालला होता. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री बेलिंगहॅम गावात जमाव गिरण्यांतल्या हिंदी मजुरांच्या वस्तीवर चालून गेला, माणसांना मारहाण करून बाहेर काढलं. पुढच्या काही दिवसांत त्या गावात हिंदी माणूस राहिला नाही. हे मजूर बहुतेक पंजाबचे शेतकरी. काहींनी तर इंग्रजाच्या पलटणीत नोकरी केलेली. ज्या सरकारसाठी लढलो त्या सरकारनं इथं आपली दादही घेतली नाही, हे त्यांना तेव्हा कळून चुकलं.

गदरचं मूळ इथं आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. विद्यार्थ्यांकडं अक्षर होतं, जगाची माहिती होती, पण खिशात दमडी नव्हती. मजुरांकडं गाठीला चार डॉलर होते, मनगट होतं, पण पत्र कुणाकडून तरी लिहून घ्यावं लागायचं. खानखोजे या मजुरांत मिसळले. पोर्टलंडच्या गिरणीतले सोहनसिंग भकना, ठेकेदारी करणारे पंडित काशीराम यांच्याशी त्यांची गाठ पडली. १९१३ साली संघटना उभी राहिली. भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ चिटणीस, काशीराम खजिनदार. नोव्हेंबरात सान फ्रान्सिस्कोहून 'गदर' नावाचं पत्र सुरू झालं आणि संघटनेलाही तेच नाव पडलं. लष्करी तयारीची बाजू खानखोज्यांकडं आली. मजुरांच्या पैशावर आणि विद्यार्थ्यांच्या लेखणीवर चाललेली अशी दुसरी संघटना त्या काळात शोधूनच काढावी लागेल.

त्यात आणखी एक मराठी विद्यार्थी होता, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तसे गदरवाले जहाजांनी हिंदुस्थानकडं निघाले. पिंगळेही आले. पलटणी फितवून १९१५ च्या फेब्रुवारीत उठाव करायचा बेत होता, तो आतल्याच माणसानं फोडला. तरी पिंगळे थांबले नाहीत. मार्चमध्ये मेरठच्या छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर फासावर गेले. कर्तारसिंग एकोणीस वर्षांचा. आपल्याकडं या वयाचं पोरगं बारावीचा निकाल लागून नुकतं कुठं कॉलेजात रुळलेलं असतं.

खानखोज्यांना दुसरी वाट मिळाली. तुर्कस्तानमार्गे इराणात घुसून जमिनीच्या रस्त्यानं हिंदुस्थानकडं यायचं, असा तो बेत. पीर खान असं नाव घेऊन ते दक्षिण इराणात इंग्रजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले आणि भटक्या टोळ्यांत लपून राहिले. युद्ध संपलं, बेत बुडाला आणि घरचा रस्ताही बंद झाला, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव पक्कं बसलं होतं. बर्लिन झालं, १९२१ मध्ये मॉस्को झालं. चाळिशीच्या आसपासचा माणूस, ना देश ना घर. हाती राहिली ती शेतकीची विद्या.

१९२४ साली ते मेक्सिकोला गेले. विद्यार्थी असताना शेजारच्या या देशात क्रांती पेटलेली त्यांनी लांबून पाहिली होती. जमीन कसणाऱ्याची, हेच तिथल्या भांडणाचं मूळ. एमिलियानो झपाटा हा शेतकऱ्यांचा पुढारी त्याच पायी १९१९ मध्ये मारला गेला. नव्या सरकारनं जमिनी वाटायला घेतल्या होत्या आणि चापिंगो इथली एक मोठी जमीनदारी घेऊन १९२४ मध्येच तिथं राष्ट्रीय शेतकी शाळा आणली होती. त्या शाळेत खानखोजे मास्तर झाले.

मका मूळचा मेक्सिकोचाच. तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांत तो घडवला. आज आपण मुरघासासाठी जो मका पेरतो त्याची आजीच म्हणा ना ती. खानखोज्यांनी मका आणि हे रानगवत यांच्या संकरावर काम केलं, मक्याच्या 'ग्रॅनाडा' या वाणावर १९३६ मध्ये पुस्तिका लिहिली. गव्हावर, थंडीला आणि पाण्याच्या ताणाला टिकणाऱ्या वाणांवरही त्यांचं काम होतं.

मला मात्र त्यांचं दुसरंच काम मोठं वाटतं. १९२८ पासून त्यांनी खेड्यापाड्यांत मोफत शेतकी शाळा काढल्या. नुकतीच जमीन मिळालेल्या माणसाला बी कसं निवडायचं, रोप कसं ओळखायचं, हे त्याच्याच गावात शिकवायचं. एका शाळेला झपाटाचं नाव दिलं होतं. तिना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईनं या शाळांची आणि खानखोज्यांच्या कणसांची छायाचित्रं काढली, ती आज जगभर नावाजलेली आहेत. दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानं मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर भाकर वाटून खाणाऱ्या माणसांचं चित्र काढलं, त्यात मध्यभागी खानखोजेच आहेत. आपल्या वर्ध्याचा माणूस तिथं भिंतीवर बसून सगळ्यांना भाकर देतो आहे!

देश स्वतंत्र झाल्यावर तरी घरची वाट मोकळी व्हावी की नाही? पण इंग्रज गेले, त्यांची काळी यादी कचेऱ्यांत राहिली. तिचा जाच सोसून १९४९ मध्ये ते मध्यप्रदेश सरकारच्या बोलावण्यावरून आले आणि पुढं १९५५ च्या सुमारास नागपूरला कायमचे राहिले. बेल्जियमची पत्नी आणि दोन मुली, असा संसार होता. पंचवीस वर्षं मेक्सिकोच्या शेतकऱ्यांत मुरलेलं ज्ञान दाराशी आलं होतं. आपण त्याचा म्हणावा तसा उपयोग करून घेतला नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. कोरडवाहू शेतीचा आणि गावोगावच्या शाळांचा अनुभव असलेला माणूस विदर्भात बसून होता, मराठवाडा हाकेच्या अंतरावर होता आणि परभणीचं कृषी विद्यापीठ व्हायला १९७२ साल उजाडावं लागलं.

१९६६ मध्ये बुटक्या गव्हाचं अठरा हजार टन बियाणं जहाजांनी आपल्या देशात आलं, ते मेक्सिकोतूनच. त्या गव्हाचं श्रेय नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. ते खानखोज्यांच्या नावावर चढवणं बरोबर नाही, काही जण चढवतात. पण ते बी इथं उतरलं तेव्हा मेक्सिकोच्या माळावर गहू निवडलेला एक म्हातारा नागपुरात होता. जानेवारी १९६७ मध्ये तो वारला. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्याचा पुतळा उभा राहिला, त्याचं अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हातून झालं.