सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला : सही आणि निवाडा



शिक्षण संस्थेच्या धनादेशावर बहुधा दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात. एकाची सही असून भागत नाही. याचा अर्थ अध्यक्षांवर किंवा खजिनदारांवर कोणाचा संशय असतो असा नव्हे. पैसा समाजाची अमानत आहे, आणि अमानत एकाच हातात ठेवू नये एवढाच त्याचा अर्थ. वर्षअखेर हिशेब तपासायला तिसराच माणूस येतो. देशाच्या कारभारातही हीच रीत आहे. संसद कायदा करते, राष्ट्रपती त्यास संमती देतात, मंत्रिमंडळ तो अमलात आणते आणि तो संविधानास धरून आहे की नाही हे न्यायालय पाहते. ही रीत समजून घ्यायची तर न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांच्या चरित्रासारखे दुसरे साधन नाही.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी लखनौ येथे झाला. घराणे विद्याव्यासंगी होते. आजोबा बनारसला वकिली करीत. वडील हाफिज विलायतुल्ला हे मध्य प्रांतात सरकारी सेवेत होते व उर्दूतील नामवंत कवी होते. मुलाचे शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी शाळेत आणि महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. तेथे सुवर्णपदक मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. १९३० साली बॅरिस्टर होऊन परतले आणि नागपुरातच वकिलीला आरंभ केला. वकिली करीत असतानाच ते तेथील विधि महाविद्यालयात अध्यापनही करीत.

१९४३ मध्ये ते प्रांताचे महाधिवक्ता झाले, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. पुढे देशाची फाळणी झाली. थोरले बंधू महंमद इक्रामुल्ला पाकिस्तानात गेले व तेथील पहिले परराष्ट्र सचिव झाले. हिदायतुल्ला मात्र नागपूरच्या न्यायासनावरच राहिले. १९५४ मध्ये ते त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, १ डिसेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले.

खरी कसोटी पुढे होती. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्यांच्या जागी काम पाहू लागले, पण राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविण्यासाठी २० जुलै रोजी त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही पदे रिकामी झाली तर सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचे काम पाहावे, असा कायदा संसदेने त्याच वर्षी केला होता. त्यानुसार हिदायतुल्ला कार्यवाहक राष्ट्रपती झाले व २४ ऑगस्टपर्यंत त्या पदावर राहिले.

त्या काळात चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे विधेयक संसदेने मंजूर करून त्यांच्यापुढे पाठविले. राष्ट्रपतींना विधेयक रोखता येते. धनविधेयक नसेल तर ते फेरविचारासाठी संसदेकडे परतही पाठविता येते. यालाच नकाराधिकार किंवा व्हेटो म्हणतात. परंतु परत पाठविलेले विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केले तर त्यास संमती द्यावीच लागते. शिवाय हा अधिकार स्वतःच्या आवडीनिवडीसाठी वापरायचा नसतो. हिदायतुल्ला यांनी ९ ऑगस्ट १९६९ रोजी विधेयकास संमती दिली.

त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. तोपर्यंत हिदायतुल्ला सरन्यायाधीशपदावर परतले होते, पण तो खटला ऐकणाऱ्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठात ते नव्हते. ज्याची सही, त्यानेच त्या सहीचा निवाडा करणे न्यायाला धरून झाले नसते. १० फेब्रुवारी १९७० रोजी न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. काही मोजक्याच बँकांशी केलेला भेदभाव आणि भरपाईची पद्धत हे त्यातील दोष होते. सरकारने लगेच दोष काढून नवा अध्यादेश आणला व नवा कायदा केला. राष्ट्रीयीकरण टिकले, पण नियमाच्या वाटेने.

त्याच वर्षी संस्थानिकांच्या तनख्यांचा प्रश्न आला. तनखे बंद करण्यासाठी आणलेली घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. राज्यसभेत ५ सप्टेंबर १९७० रोजी बाजूने १४९ व विरुद्ध ७५ मते पडली. दोन तृतीयांश बहुमताला एक मत कमी पडले. तेव्हा सरकारने दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. सभागृहात जे मिळाले नाही ते एका हुकमाने मिळविण्याचा हा प्रयत्न होता. या खटल्यात पीठाचे अध्यक्ष हिदायतुल्ला होते. १५ डिसेंबर १९७० रोजी न्यायालयाने बहुमताने तो आदेश रद्द केला, आणि दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. पुढे १९७१ मध्ये संसदेने २६ वी घटनादुरुस्ती रीतसर मंजूर केली आणि तनखे बंद झाले.

पालकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. न्यायालयाने सरकारचे दोन निर्णय रोखले, तरी दोन्ही कामे अखेर पार पडलीच. रोखणे म्हणजे कायमची अडवणूक नव्हे. चुकीच्या वाटेने जाणाऱ्याला योग्य वाटेवर आणणे हे त्याचे काम. संस्थानिकांचे तनखे हे काही गोरगरिबांचे हित नव्हते, पण सरकारला नियम मोडून एका संस्थानिकाचे काही घेता येत नाही, हे ठरले की गरिबाच्या झोपडीलाही तेच संरक्षण लाभते.

हा विषय आपल्या जिल्ह्यालाही परका नाही. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा व नवापूर हे तालुके आणि नंदुरबार व शहादा तालुक्यांतील काही गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्रात येतात. संसदेचा वा विधिमंडळाचा एखादा कायदा या क्षेत्राला लागू होणार नाही किंवा फेरबदल करून लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. हाही एक नकाराधिकारच आहे. दुबळ्यांच्या जमिनी व रीतिरिवाज सांभाळण्यासाठी तो दिलेला आहे. राज्यपालांना या क्षेत्रासाठी स्वतः विनियम करायचे असतील तर आदिवासी सल्लागार परिषदेचा विचार घ्यावा लागतो व राष्ट्रपतींची संमती लागते. रोखणाऱ्यावरही रोख ठेवलेली आहे.

१९७९ मध्ये हिदायतुल्ला बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. ज्या राज्यसभेत ते एक मत कमी पडले होते, तिचेच पाच वर्षे ते सभापती होते. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी परदेशी गेले असता पुन्हा काही दिवस त्यांनी राष्ट्रपतिपद सांभाळले. सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती व कार्यवाहक राष्ट्रपती ही तिन्ही पदे भूषविणारे ते एकमेव भारतीय होत. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रायपूरचे राष्ट्रीय विधि विद्यापीठ आज त्यांच्या नावाने चालते.

आपली मुले डॉक्टर, इंजिनिअर व्हावीत असे आपणा सर्वांना वाटते आणि ते योग्यच आहे. पण एखाद्या मुलाने किंवा मुलीने कायद्याचा अभ्यास करायचे म्हटले तर त्यांना अडवू नये. सही कोठे करावी, कोणत्या खटल्यातून बाजूला राहावे आणि कोणत्या हुकमाला नाही म्हणावे, हे जाणणारी माणसे समाजाला हवी आहेत. हिदायतुल्ला यांनी या विद्येचे पहिले धडे रायपूरच्या सरकारी शाळेत गिरविले होते. आपल्या शाळांतही ते गिरविता येतील.