पंडिता रमाबाई : आधी आचरण, मग शिकवण



आचार आणि विचार एक ठेवणारी माणसं आपल्या पेण-रोह्याच्या मुलांना नवीन नाहीत. पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव, तर रोहा हे पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं. आज त्याच वाटेवरच्या एका ख्रिस्ती शिक्षिकेची ओळख करून घेऊया. येशूने गुरू असूनही आपल्या शिष्यांचे पाय स्वतः धुतले, अशी कथा बायबलमध्ये आहे. ही कथा पंडिता रमाबाई प्रत्यक्ष जगल्या.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं. पुढे ही आईच पहाटे उठवून लहानग्या रमेकडून पाठांतर करून घ्यायची. बायकांनी शिकावं, हे रमाबाईंना कोणी व्याख्यान देऊन सांगितलं नाही. त्यांनी ते घरातच पाहिलं. पालकांसाठी पहिला धडा इथेच आहे.

दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत त्या देशभर पायी फिरल्या. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. जातिभेद मानू नये असं त्यांचं मत होतं. मग 1880 मध्ये त्यांनी स्वतः जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. दोन वर्षं होण्याआधीच ते वारले. कडेवर लहान मुलगी मनोरमा, आणि वय अवघं तेवीस.

1882 साली पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींना शिकवायला स्त्रिया हव्यात, त्यांना नीट प्रशिक्षण मिळावं आणि शिक्षिकेचं आचरण चांगलं असावं, अशी त्यांची मागणी होती. दुसऱ्यांकडून मागितलेली ही गोष्ट त्यांनी पुढची चाळीस वर्षं स्वतःला लावून घेतली.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. पण त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि साडीही सोडली नाही. अमेरिकेत त्यांनी बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकून घेतली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. विधवेनेही मानाने जगावं, हे सांगणाऱ्या बाई स्वतः विधवा होत्या आणि मानाने जगत होत्या. मुलींना वेगळं उदाहरण शोधायची गरजच नव्हती.

आता एक अवघड गोष्ट. सदनात धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली आपणहून तिथे येऊन बसायच्या. 1893 मध्ये यावरून मोठं वादळ उठलं. वीसहून जास्त मुलींना पालकांनी काढून नेलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. मला दोन्ही बाजू समजतात. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही, हा त्यांचा खरेपणा. पण विश्वासाने मुलगी सोपवणाऱ्या पालकाची काळजीही खोटी म्हणता येत नाही. शिक्षकाचं उघडं दार हासुद्धा मुलांसाठी एक धडाच असतो. उदाहरणात एवढी ताकद असते, म्हणून ती जपून वापरावी लागते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात नवीन पोरगा आधी डोळ्यांची आखणी करणाऱ्याच्या हाताकडे बघत राहतो. हात कसा फिरतो, तेच तो उचलतो. वर्गातही तसंच होतं.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, निराधार मुलींना त्यांनी सोबत आणलं. दौंडजवळच्या केडगावला ‘मुक्ती’ उभं राहिलं. तिथे शेती, विणकाम आणि छपाई या कामांतून बायका आपल्या पायावर उभ्या राहिल्या. अंध मुलींनाही शिक्षण मिळालं. साध्या माणसाला कळेल असं बायबल मराठीत हवं, म्हणून रमाबाई मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. भाषांतर पूर्ण करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आपण मुलांना वाचा म्हणतो, पण आपल्या हातात पुस्तक त्यांना कधी दिसतं? खरं बोला म्हणतो, आणि फोनवर ‘घरी नाहीत म्हणून सांग’ असं त्यांच्याकडूनच वदवतो. हा पाठ शिकवून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारून बघा : मोठी माणसं सांगतात पण स्वतः करत नाहीत, अशी एक गोष्ट कोणती? उत्तरं शांतपणे ऐकून घ्या. त्यातली निदान एक गोष्ट उद्यापासून आपण करायला लागू.