पट्ट्याचे संशोधक नील्स बोलिन

नील्स बोलिन यांचा जन्म १७ जुलै १९२० रोजी स्वीडन देशात झाला. स्वीडन हा युरोपातला थंड देश आहे. शिकून ते इंजिनिअर झाले. १९४२ साली त्यांना साब या विमान कंपनीत नोकरी लागली. तिथे ते वैमानिकाची खुर्ची बनवत. विमान पडू लागलं की ही खुर्ची वैमानिकाला घेऊन बाहेर उडते आणि त्याचा जीव वाचतो. त्यासाठी वैमानिकाला खुर्चीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं असतं.

त्या काळी पुष्कळ मोटारींत पट्टाच नसे. असला तर एकच, पोटावरून. त्याचं बक्कल पोटावर यायचं. धडक बसली की वरचं अंग पुढे जायचं आणि पोटाला आतून मार लागायचा. १९५८ साली व्होल्वो या मोटार कंपनीच्या मोठ्या साहेबांनी बोलिन यांना बोलावून घेतलं. साहेबांचे एक नातेवाईक मोटार अपघातात वारले होते.

बोलिन यांनी विचार केला. वैमानिक कितीही पट्टे बांधून घेतो. पण साध्या माणसाला अवघड वाटलं तर तो पट्टा लावणारच नाही. म्हणून पट्टा एका हाताने, पटकन लागला पाहिजे. त्यांनी एकच पट्टा खांद्यावरून छातीवर तिरका घेतला आणि कमरेवरून आडवा नेला. बक्कल पोटावर न ठेवता कमरेच्या बाजूला ठेवलं. त्यामुळे धक्का छातीच्या व कमरेच्या मजबूत हाडांवर वाटला जातो. १९५९ साली हा पट्टा असलेली मोटार विक्रीला आली. कंपनीने पेटंट घेतलं, पण दुसऱ्या कंपन्यांनाही तो पट्टा फुकट वापरू दिला. म्हणून आज तो सगळ्या देशांत दिसतो.

पुढे स्वीडनमधल्या २८ हजार अपघातांची माहिती गोळा केली. १९६७ साली ती जगापुढे मांडली. ताशी ९६ किलोमीटरपेक्षा कमी वेगात पट्टा लावलेला एकही माणूस दगावला नव्हता. पट्टा न लावलेले मात्र कमी वेगातसुद्धा दगावले होते.

बोलिन १९८५ साली निवृत्त झाले. २१ सप्टेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

माझे मामा मुंबईला कांजूरमार्गला राहतात. ते टॅक्सी चालवतात. तिथून पूर्व द्रुतगती महामार्ग जातो. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा केला. पण मामा सांगतात, मागची माणसं पट्टा लावायला सांगितलं की हसतात. त्यांना वाटतं, पुढे सीट आहे, आपल्याला काय होणार? पण गाडी एकदम थांबली तरी आपलं अंग थांबत नाही. मागचा माणूस पुढच्यावर आदळतो. मग दोघांनाही लागतं. एअरबॅगचा फुगासुद्धा पट्टा लावलेला असेल तरच नीट उपयोगी पडतो. लहान मुलाला मांडीवर घेतलं तर धडकेत हाताने धरून ठेवता येत नाही. त्याच्यासाठी वेगळी छोटी खुर्ची मिळते.

मित्रांनो, बोलिन यांनी पट्टा सोपा करून ठेवला. लावायचं काम आपलं आहे. शाळेत आलेल्या आई-बाबांना आणि काका-मामांना एक विनंती आहे. गाडी सुरू करायच्या आधी सगळ्यांच्या पट्ट्याचा टक् असा आवाज आला पाहिजे. तो आला की नाही ते आम्ही मुलं ऐकू.

— इयत्ता ४ थी